सुरतगडची ती रात्र

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सप्टेंबरची १७ तारीख आमच्या शेजारच्या मराठवाड्यात झेंडावंदनाची असते. १९४८ साली याच दिवशी हैदराबाद संस्थान भारतात आलं. आमचं वऱ्हाड १८५३ सालीच निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलेलं, त्यामुळे तो झेंडा आम्ही जरा लांबून, पण आपुलकीनं पाहतो. माझ्या मनात मात्र या तारखेला गेली अनेक वर्षं आणखी एक नाव येतं. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ. पुण्याचा मुलगा. १७ सप्टेंबर २००१ च्या रात्री राजस्थानातल्या सुरतगडच्या हवाई तळावरून त्यानं मिग-२१ विमान उडवलं आणि उड्डाणानंतर लगेचच ते विमान कोसळलं. युद्ध नव्हतं. समोर शत्रू नव्हता. रात्रीच्या उड्डाणाचा सराव होता.

मी त्याला कधी पाहिलेलं नाही. त्याच्या घरच्यांशीही माझी ओळख नाही. मग एका वऱ्हाडी कवीनं त्याची आठवण का काढावी, असा प्रश्न श्रोत्यांना पडेल. तो मलाही पडलेला आहे, म्हणूनच हे भाषण.

त्या वर्षी मी एकतिशीत होतो. राहायला अकोल्याला आणि नोकरीला अमरावतीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात. सकाळची पॅसेंजर पकडायची, मूर्तिजापूरला चहा घ्यायचा, बडनेऱ्याला उतरायचं. गाडीत एक पेपर चौघांत फिरायचा. तारखेचा हिशेब करून पाहा. न्यूयॉर्कचे दोन मनोरे पडून सहाच दिवस झाले होते. पेपराची सगळी पानं धुरानं भरलेली. डब्यात रोजचीच माणसं होती, पण त्या आठवड्यात माझं नाव घेऊन मला हाक मारताना एखाद्याचा आवाज किंचित खाली येई. कुणी वाईट बोललं नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण मी पहिलं पान वाचायचं टाळून आतल्या पानांत डोकं घालून बसायचो. तिथंच ती बातमी सापडली. चार ओळींची. विमान कोसळलं, वैमानिक ठार, चौकशीचे आदेश.

चौकशीचे आदेश हे शब्द आपल्या इतके अंगवळणी पडलेत की बातमी तिथंच संपते असं आपण धरून चालतो. मीही धरलं. पुण्यातल्या एका घरानं ते धरलं नाही. पुढची सगळी गोष्ट त्या घराची आहे.

चौकशीअंती ठपका वैमानिकावर आला. त्याला दिशेचं भान राहिलं नाही, असा त्याचा अर्थ. अभिजितची आई कविता गाडगीळ आणि वडील अनिल गाडगीळ यांना हा निष्कर्ष मान्य झाला नाही. वडील स्वतः वैमानिक. म्हणजे विमान न कळणाऱ्या आईबापाचा तो आंधळा आक्रोश नव्हता. कविताताई उघडपणे बोलू लागल्या. पत्रं लिहिली, मुलाखती दिल्या, मिग विमानांच्या अपघातांबद्दल जाहीर प्रश्न विचारले. सैन्याच्या घरातली बाई सैन्याला प्रश्न विचारते, हे तेव्हा पुष्कळांना रुचलं नाही. आपल्याकडे वीरमातेनं पांढरी साडी नेसून पदक घ्यावं आणि डोळे पुसावेत, एवढंच काम तिला दिलेलं असतं. या बाईंनी त्यापेक्षा जास्त काम अंगावर घेतलं.

हे सगळं पेपरांतून येऊ लागलं तेव्हाची एक आठवण सांगतो. आमच्या गल्लीत एक कुटुंब होतं. घरातला मुलगा बारावीला, डोक्यात एकच खूळ, एनडीएत जायचं आणि विमान चालवायचं. शिवणीच्या विमानतळाशेजारून सायकलनं जाताना म्हणे तो धावपट्टी पाहत थांबायचा. ही शिवणीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. ती लांबवायची चर्चा शेजारच्या कृषी विद्यापीठाच्या जमिनीपाशी येऊन वर्षानुवर्षं अडत आली आहे. एरवी तिथं विमानापेक्षा टिटव्या जास्त. पण पोराला तेवढं पुरे होतं.

एका संध्याकाळी त्याची आई पेपराचं कात्रण घेऊन माझ्या दारात आली. मी लिहिणारा माणूस, म्हणून मला सगळं कळतं असा तिचा समज.

“भाऊ, हे मानवी चूक म्हंजे काय व्हय? पोट्ट्याचीच चूक ना?”

मी म्हटलं, “हो वहिनी. तसंच म्हणायचंय त्यांना.”

“मंग त्याले इचारलं कोनं? तो तं गेला ना.”

मला उत्तर देता आलं नाही. ती उंबऱ्यावर बसली. थोड्या वेळानं म्हणाली, “माह्या पोट्ट्याले धाडू का नको, तेवढं सांगा.” त्याचंही उत्तर माझ्याजवळ नव्हतं. ग्रंथालयात नोकरी असल्याचा फायदा एवढाच, की नसलेलं उत्तर शोधता येतं. त्या कात्रणापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. जे कळलं ते सांगतो.

आधी त्या ‘दिशेचं भान सुटणं’ या प्रकाराबद्दल, कारण ते ऐकून लोकांना वाटतं की मुलगा बावचळला, घाबरला. तसं ते नसतं. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारी एक रचना आहे. जमिनीवर चालणाऱ्या माणसासाठी ती उत्तम काम करते. विमानात ती फसवते. एसटी एकदम वेगात निघाली की पाठ सीटला दाबली जाते, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. आता असं समजा की बाहेर पूर्ण काळोख आहे, खिडकीतून एकही दिवा दिसत नाही आणि तो दाब एसटीच्या कितीतरी पट आहे. कान मेंदूला सांगतो, आपण मागे कललो आहोत, म्हणजे विमानाचं नाक फार वर गेलंय. वैमानिकाचा हात मग नाक खाली करू पाहतो. प्रत्यक्षात विमान नीट चढत असतं. खाली केलं की जमीन. वाळवंटातली अंधारी रात्र आणि उड्डाणानंतरचे पहिले काही सेकंद, हा या फसवणुकीचा ठरलेला मुहूर्त. तिच्यावर उपाय एकच. शरीर काय सांगतं ते ऐकायचं नाही, समोरची उपकरणं काय सांगतात तेवढंच मानायचं. ही सवय उपदेशानं लागत नाही, सरावानंच लागते. आणि ज्या उपकरणावर जीव टाकायचा, ते चोख असावं लागतं.

म्हणजे वैमानिक चुकला असं जरी क्षणभर धरलं, तरी प्रश्न तिथं संपत नाही. तिथून सुरू होतो. त्याला सराव किती मिळाला होता, कशावर मिळाला होता, आणि त्याच्या हाताखाली दिलेलं यंत्र कसं होतं?

यंत्राची गोष्ट आपल्या महाराष्ट्राच्या अंगणातून जाते. मिग-२१ हे सोव्हिएत रशियाचं विमान १९६३ साली आपल्या हवाई दलात आलं. ध्वनीच्या दुप्पट वेगानं जाणारं. पहिल्या तुकडीचे प्रमुख होते दिलबाग सिंग, जे पुढं हवाई दल प्रमुख झाले. मग नाशिकजवळ ओझरला १९६४ साली कारखाना उभा राहिला आणि द्राक्षांच्या निफाड तालुक्यातली माणसं मिग बांधू लागली. १९८७ पर्यंत ती तिथं तयार होत होती. या विमानानं १९७१ च्या युद्धात मोठी कामगिरी केली, हे विसरून त्याला नुसतं उडती शवपेटी म्हणणं मला पटत नाही. शवपेटी हा शब्द वर्तमानपत्रांना आवडतो. पण त्या विमानावर प्रेम करणारे शेकडो वैमानिक होते आणि आहेत. मात्र ते विमान नवशिक्याला माफ करणारं नव्हतं, हे त्यांच्यातलेच अनुभवी लोक सांगतात. एकच इंजिन. पंख आखूड आणि तिकोनी. उतरताना वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या घरात.

आता यावर बसणारा बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा कुठून यायचा? तो आधी पंख्याच्या एचपीटी-३२ या लहान विमानावर शिकायचा. मग किरण या साध्या जेट विमानावर. आणि तिथून थेट मिग-२१. मधली पायरीच नव्हती. गावच्या तळ्यात पोहायला शिकलेल्या पोराला श्रावणात पूर्णेच्या पुरात उतरवावं, तसा हा प्रकार. पुष्कळ जण पार व्हायचे, कारण मुलं मुळातच निवडक. जे पार व्हायचे नाहीत, त्यांच्या घरी तार जायची.

ही पायरी नाही हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं का? आलं होतं. १९८२ साली एअर मार्शल ला फोंतेन यांच्या समितीनं स्पष्ट सांगितलं की प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्या. हेच ला फोंतेन पुढं १९८५ ते १९८८ या काळात हवाई दलाचे प्रमुख होते. म्हणजे शिफारस करणारा माणूस सर्वोच्च खुर्चीवर बसला आणि निवृत्तही झाला, तरी विमान आलं नाही. सरकारं बदलली, किमती बदलल्या, चर्चा झाल्या. ब्रिटनच्या हॉक विमानांचा करार शेवटी झाला तो मार्च २००४ मध्ये. ६६ विमानं. ती हवाई दलात रीतसर दाखल झाली फेब्रुवारी २००८ मध्ये, बिदरला. आपल्या उदगीरपासून हाकेच्या अंतरावर.

१९८२ ते २००४. बावीस वर्षं. शिफारस झाली त्या वर्षी जन्मलेला मुलगा करार होईपर्यंत स्वतः वैमानिक होण्याच्या वयाचा झाला. ज्या देशात तलाठ्याच्या सहीला सहा महिने लागतात तिथं विमानाला बावीस वर्षं लागली, असा विनोद मी एकदा एका कविसंमेलनात केला. लोक हसले. मला रात्री झोप आली नाही.

एक आकडा सांगतो. मे २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत माहिती दिली की ताफ्यातल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमानं अपघातांत नष्ट झाली. १७१ वैमानिक गेले. जमिनीवरची ३९ सामान्य माणसंही गेली. हा हिशेब सुमारे चाळीस वर्षांचा आहे आणि त्यात सगळ्या प्रकारची मिग विमानं आली. प्रत्येक अपघाताचं कारण प्रशिक्षणातली उणीव हेच होतं असंही नाही. पक्षी धडकतात, इंजिन बंद पडतं, सुटा भाग दगा देतो, आणि माणूस चुकतोही. पण एकशे एकाहत्तर. माझ्या ग्रंथालयाच्या वाचनकक्षात एका वेळी साठ मुलं बसत. मी तो कक्ष मनातल्या मनात जवळजवळ तीनदा भरून पाहिला होता.

गाडगीळ कुटुंबानं केलेल्या प्रश्नांना वाचा फुटली तशी हालचालही झाली. १ ऑगस्ट २००३ रोजी संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस, वय वर्षं ७३, अंबाल्याला स्वतः मिग-२१ मध्ये बसून उडून आले. विमान सुरक्षित आहे हे देशाला दाखवणं हा हेतू. जॉर्जसाहेबांच्या धाडसाला सलाम. पण मागच्या सीटवर एकदा बसून येणं आणि कोवळ्या वयात रात्री एकट्यानं उडणं यात फरक आहे, असं आमच्या गल्लीतल्या वहिनीलाही कळत होतं. ती म्हणाली, “त्याहिच्या संगं शिकोनारा होता ना इमानात.” तिनं नेमकं बोट ठेवलं.

मग २६ जानेवारी २००६ ला ‘रंग दे बसंती’ चित्रपट आला. त्यातही मिग कोसळतं, वैमानिक मरतो, दोष त्याच्यावर येतो आणि त्याची आई रस्त्यावर उतरते. प्रदर्शनाआधी तो संरक्षणमंत्री प्रणव मुखर्जी आणि सेनाधिकाऱ्यांना दाखवावा लागला होता. चित्रपटात आपल्या मुलाच्या आयुष्याचा धागा आहे असं कविताताईंना वाटलं आणि त्यांनी त्याला पाठिंबा दिला. मी तो अकोल्याच्या थिएटरात पाहिला. शेवट मला पटला नाही. बंदूक घेऊन मंत्र्याला मारणं हा काही उपाय नव्हे. त्यापेक्षा गाडगीळांनी प्रत्यक्षात जे केलं ते मला अधिक अवघड आणि अधिक मोठं वाटतं. त्यांनी अभिजितच्या नावानं विमान सुरक्षेसाठी प्रतिष्ठान काढलं. पुण्यात जीत एअरोस्पेस इन्स्टिट्यूट उभी केली, जिथं वैमानिकांना जमिनीवरच सराव देणाऱ्या सिम्युलेटरचं काम झालं. सिम्युलेटर म्हणजे खोटं कॉकपिट. त्यात शंभर वेळा पडलं तरी माणूस उठून घरी जेवायला जातो. संस्थेच्या नावात मला अभिजितचा ‘जीत’ ऐकू येतो. चित्रपटवाल्यांना हे दाखवावंसं वाटलं नाही. त्यांचाही इलाज नसेल. खोट्या कॉकपिटावर गाणं लिहिता येत नाही.

गाण्याचा विषय निघाला म्हणून माझ्या एका फजितीची गोष्ट सांगतो. २००१ च्या त्या बातमीवर मी कविता लिहायला बसलो होतो. आमच्या घरी मोहरममध्ये मर्सिये ऐकायची रीत होती. वडील शिंपीकाम करायचे. मशीन थांबवून, गळ्यात टेप तसाच ठेवून ते ऐकायचे. मर्सिया म्हणजे शोकगीत, पण नुसतं रडणं नव्हे. त्यात तहान किती दिवसांची होती ते येतं, घोड्याचा रंग येतो, तंबूची दोरी कुणी धरली ते येतं. चौदाशे वर्षांपूर्वीचं मरण काल घडल्यासारखं वाटतं ते या बारकाव्यांमुळे. आणि माझ्याजवळ काय होतं? चार ओळींची बातमी. विमानाचं नाव, गावाचं नाव, चौकशीचे आदेश. गरुड, आभाळ, मातृभूमी असे शब्द जुळवून मी आठ कडवी केली आणि वाचल्यावर मलाच लाज वाटली. तो मुलगा त्यात नव्हताच. ती वही मी फाडली. शोक करायलाही माहिती लागते, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. आणि त्या आईला नेमकी माहितीच हवी होती.

शब्दांचंच काम करतो म्हणून आणखी एक सांगतो. सरावात गेलेल्या वैमानिकाला शहीद म्हणायचं का, असा वाद अधूनमधून ऐकू येतो. गल्लीतल्या फलकावर आपण लगेच लिहून टाकतो. सरकारनं मात्र संसदेत एकाहून अधिक वेळा सांगितलंय की सैन्यदलांच्या कागदोपत्री असा शब्दच नाही. तिथं मृत्यूची वर्गवारी असते. लढाईतला मृत्यू वेगळा, सेवेमुळे आलेला मृत्यू वेगळा, आणि त्याप्रमाणे कुटुंबाचं निवृत्तिवेतनही वेगळं. व्यवस्थेला अशा रकाने लागतात, हे मी समजू शकतो. शहीद हा शब्द मराठीनं आमच्या बाजूनं घेतलाय, म्हणून त्याचं मूळ सांगतो. अरबीत त्याच्या मुळाशी अर्थ आहे साक्ष देणं. शाहिद म्हणजे साक्षीदार. शहीद हा त्याच घरातला. ज्यानं आपल्या मरणानं साक्ष दिली तो.

सुरतगडच्या त्या रात्री कॉकपिटात एकच साक्षीदार होता. समोरची उपकरणं शेवटच्या क्षणी काय दाखवत होती हे त्यानं एकट्यानं पाहिलं. त्याची साक्ष कुणी नोंदवू शकलं नाही, आणि दोषी मात्र तोच ठरला. वहिनीचा प्रश्न हाच होता की. “त्याले इचारलं कोनं?”

सरावात गेलेल्यांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. करुण कृष्ण मजुमदार हे दुसऱ्या महायुद्धातले आपले सर्वांत नावाजलेले वैमानिक. ब्रह्मदेशच्या आघाडीवर जुन्या लायसँडर विमानांतून त्यांनी जपान्यांच्या तळावर बाँब टाकले. एवढ्या युद्धातून वाचले आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये लाहोरला हवाई कसरतींचा सराव करताना गेले. अलीकडचं उदाहरण ३१ जुलै २००९ चं. मेदकजवळ एचपीटी-३२ विमान पडलं आणि दोन प्रशिक्षक वैमानिक, म्हणजे शिकवणारेच, गेले. त्यानंतर त्या विमानांचा सगळा ताफा जमिनीवर बसवला गेला. २०१३ साली स्वित्झर्लंडची पिलाटस विमानं आली तोवर नव्या मुलांना पहिला धडा कशावर द्यायचा, याची ओढाताण चालू होती. पुन्हा तीच पायरी. एकदा वरची नव्हती, एकदा खालची नव्हती.

त्याच २००९ सालच्या नोव्हेंबरात पुण्याच्या लोहगाव तळावरून राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी सुखोई-३० मधून उड्डाण केलं. वय ७४. अमरावतीच्या सूनबाई, आमच्या माजी खासदार. अमरावतीत त्या दिवशी पेढे वाटले गेले आणि मीही खाल्ला. खाताना मनात आलं की त्याच पुण्यात एका घरात एक आई आज दूरदर्शन पाहत असेल.

मिग-२१ ला निरोप मिळाला तो २६ सप्टेंबर २०२५ ला, चंदीगडमध्ये. बासष्ट वर्षांची सेवा. त्याआधी दोन वर्षं, ८ मे २०२३ रोजी, याच सुरतगडहून उडालेलं एक मिग-२१ हनुमानगड जिल्ह्यात एका घरावर पडलं होतं. वैमानिक बाहेर पडून वाचला. गावातल्या तीन बायका गेल्या. त्या कुठल्या सरावात नव्हत्या. आपल्या घरी होत्या. निरोपाच्या सोहळ्यात पाण्याचे फवारे उडाले, भाषणं झाली, जुन्या वैमानिकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी खरं होतं, याबद्दल मला शंका नाही. मी घरी टीव्हीपुढे बसून त्या एकशे एकाहत्तर जणांची नावं कुणी वाचतं का याची वाट पाहत होतो. मी पाहिलं तेवढ्यात तरी ती कुणी वाचली नाहीत.

आमच्या गल्लीतल्या त्या मुलाचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. आईनं त्याला शेवटी धाडलं. लेखी परीक्षा तो पास झाला. मग म्हैसूरला निवडीसाठी गेला. तिथं वैमानिक होण्याची पात्रता पाहणारी एक यांत्रिक चाचणी असायची आणि ती तेव्हा आयुष्यात एकदाच देता यायची. त्यात तो नापास झाला. परत आला तेव्हा आठ दिवस कुणाशी बोलला नाही. आईनं मात्र हनुमानाच्या देवळात नारळ फोडला आणि मला म्हणाली, “पोट्टं माह्यावर चिडलं भाऊ, चिडू दे.” आता तो मूर्तिजापूरकडे शिक्षक आहे. डोक्यावरचे केस विरळ झालेत.

१६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची पहिली प्रवासी सेवा सुरू झाली. एअर इंडियानं तिथंच वैमानिक घडवणारी प्रशिक्षण संस्था उभारण्याचं २०२४ मध्ये जाहीर केलं आहे. म्हणजे ज्या रुळांवरून मी बडनेऱ्याला उतरायचो, त्याच्या शेजारी आता आमच्या भागातली पोरंपोरी विमान शिकतील. लढाऊ नव्हे, प्रवासी. पण शिकणं ते शिकणंच, आणि पहिल्यांदा एकट्यानं उडणं तेही तसंच.

त्या शिक्षकाचा मला मागच्या महिन्यात फोन आला. त्याच्या शाळेतली नववीतली एक मुलगी पायलट व्हायचं म्हणते. घरी विरोध आहे. त्यानं तिला काय सांगावं, असं तो विचारेल म्हणून मी मनाशी वाक्यं जुळवू लागलो. त्यानं ते विचारलं नाही.

“सर, आईनं तुमच्याकडे एक कात्रण ठेवलं होतं. आहे का अजून?”

ग्रंथालयातला माणूस कात्रण टाकत नाही. पिवळं पडलंय, घडीवर फाटलंय. मी त्याची छायाप्रत काढली, मागच्या बाजूला १९८२, २००४ आणि २००८ ही तीन सालं आणि त्यांच्यापुढे एकेक ओळ लिहिली, आणि मूर्तिजापूरच्या गाडीला निघालेल्या एका ओळखीच्या माणसाजवळ पाकीट दिलं.